खाऱ्या वाऱ्यातली जुनी बुलेट: क्रोम, रंग, पावडर कोटिंग आणि बाकीच्या लेपांची पारख

जुन्या मोटारसायकलच्या ज्या फोटोचं सगळ्यात जास्त कौतुक होतं, तोच फोटो गाडीला सगळ्यात महाग पडतो. गुहागरची किंवा हर्णैची ओली वाळू, मागे मावळतीचं ऊन, टाकीवरच्या सोनेरी रेघा, लखलखणारी रिम. फोटो झकास येतो, वादच नाही. पण चाकाने उडवलेली ती वाळू मागच्या मडगार्डच्या आतल्या वळणात, स्पोकच्या निप्पलांत (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटांत) आणि चेनकव्हरच्या घडीत जाऊन बसते. गाडी घरी येते, वाळूतलं मीठ मागेच लागलेलं असतं.

म्हणून ही पारख फोटोत दिसणाऱ्या बाजूची नाही. रिस्टोरेशनच्या नावाखाली जे जे लेप विकले जातात, म्हणजे क्रोम, स्टेनलेस, पावडर कोटिंग (कोरडी रंगपूड उडवून भट्टीत भाजलेला लेप), पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग, टाकीचं आतलं अस्तर आणि वरून मारायचे स्प्रे, ते मिऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या हवेत कसे वागतात, एवढंच इथे पाहिलं आहे. समोर धरली आहे ती कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ३५०, कारण इकडे घरोघरी पडवीत तीच सापडते. जावा-येझदी, राजदूत, आरएक्स १०० यांचं जिथे वेगळं आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

आधी शत्रू ओळखू. साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. याचा अर्थ असा की मालवणात भर उन्हात कोरडी दिसणारी गाडी जिथे मीठ बसलंय तिथे ओलीच असते. पाऊस उलट काही प्रमाणात मदत करतो, कारण तो उघड्या भागावरचं मीठ धुऊन नेतो. म्हणूनच मडगार्डचा वरचा भाग बरा राहतो आणि आतला सडतो. किनाऱ्यापासून आत असलेल्या सावंतवाडी किंवा संगमेश्वरला हा त्रास पुष्कळ कमी. तिथल्या मिस्त्रीने पाच वर्षं टिकवलेलं काम देवगडात दोन वर्षांत खराब झालं, तर दोष दर वेळी मिस्त्रीचा नसतो.

क्रोम

लोकांचा समज असा की क्रोम लोखंडाला वाचवतं. क्रोम फक्त चमकतं. तो थर जेमतेम पाव ते पाऊण मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि त्याला डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असतात. वाचवतं ते खालचं निकेल. खाऱ्या हवेसाठी निकेल ३० मायक्रॉनच्या आसपास हवं आणि शक्यतो दोन थरांत: आधी सेमी-ब्राइट, मग ब्राइट. तेव्हा गंज सरळ खाली न घुसता वरच्या थरात आडवा पसरतो. बाजारातल्या स्वस्त सायलेन्सरवर आणि क्रॅश गार्डवर निकेल नावापुरतं असतं. पहिल्याच पावसाळ्यात सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसले की समजा, तिथून खाली लोखंडापर्यंत वाट आहे. वरून पॉलिश करून ती वाट बुजत नाही.

प्लेटिंगवाल्याला "एक नंबर क्रोम करून दे" असं सांगण्यात अर्थ नाही. विचारायचं ते हे: खाली कॉपर मारणार का, निकेलच्या टाकीत किती वेळ ठेवणार, आणि रिमची आतली बाजू, जिथे निप्पल बसतात, तिथे प्लेटिंग पोहोचतं का. प्लेटिंग कोपऱ्यात आणि खोलगट जागी कमीच बसतं, हा त्या प्रक्रियेचाच स्वभाव आहे. रिम आतून सडते ती याच कारणाने. चांगला कारागीर हे स्वतःहून सांगतो. नमुना म्हणून एक जुनी पट्टी त्याच लॉटमध्ये टाकायला सांगा. ती हातात आली की मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस तिच्यावर ठेवा, वर प्लॅस्टिक गुंडाळा, दोन दिवसांनी उघडा. ठिपके आले तर सायलेन्सर त्याच्याकडे देऊ नका. जाडी मोजायचं साधं चुंबकीय यंत्र इथे दगा देतं, कारण निकेल स्वतः चुंबकाला ओढतं. त्या आकड्यावर विसंबू नये.

एक्सल, फोर्कचे बोल्ट, स्प्रिंग असल्या ताण घेणाऱ्या वस्तू शोभेसाठी क्रोम करायला देऊ नयेत. ॲसिड आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. प्लेटिंगनंतर लगेच काही तास सुमारे २०० अंशांत भाजलं तर तो निघतो, पण शोभेचं काम करणाऱ्या दुकानात ती भट्टी सहसा नसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून बरेच जण प्लेटिंगचे भाग घाट चढवून कोल्हापूरला पाठवतात. तिथे औद्योगिक काम करणारे मिळतात, त्यामुळे हे बरोबरच आहे. फक्त परतीच्या पार्सलमध्ये भाग ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून येणार नाहीत, एवढं पाहा. कोरडं कापड, त्यावर तेलाचा हात.

हलका गंज आला असेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. काथ्या किंवा तारेची घासणी अजिबात नको. नंतर कोरडं करून मेण लावलं नाही, तर ठिपके पुन्हा त्याच जागी येणार.

मत: माचिस्मो या बुलेटच्याच मॉडेलची क्रोम टाकी किंवा जावाच्या टाकीच्या क्रोम बाजू मूळच्या असतील आणि ठिपके थोडे असतील, तर जपा, नव्याने करू नका. पुन्हा प्लेटिंग करताना घासघाशीत पत्रा पातळ होतो आणि जुन्या टाकीत तेवढा पत्रा शिल्लक असेलच असं नाही. नवी क्रोम कामं किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत घेऊच नयेत, या मताला आम्ही आलो आहोत.

स्टेनलेस

स्पोक, नट-बोल्ट आणि मडगार्डच्या पट्ट्यांसाठी स्टेनलेस हा सरळ उपाय, पण ग्रेड विचारा. "एसएस" म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं २०२ असतं. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून किनाऱ्यावर त्यावर चहाच्या डागासारखा तांबूस थर येतो. ३०४ बरं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठापुढे सगळ्यात जास्त टिकतं, पण गाडीच्या मापाचे स्पोक ३१६ मध्ये मिळवायला शोध घ्यावा लागतो. चुंबकाने परीक्षा करू नका; थंड ओढलेला ३०४ चा स्पोकही थोडा चिकटतो. आणि ॲल्युमिनियमच्या इंजिन केसमध्ये स्टेनलेस बोल्ट कोरडा कधी बसवू नये. मिठाच्या ओलाव्यात ॲल्युमिनियम खाऊन आटे धरून बसतात, मग बोल्ट फिरवला की आटेच बाहेर येतात. अँटी-सीझचा, म्हणजे आटे जाम होऊ न देणाऱ्या ग्रीससारख्या लेपाचा, पातळ हात हवाच.

पावडर कोटिंग

चासी, स्विंग आर्म, सेंटर स्टँड, बॅटरीचा ट्रे यांच्यासाठी पावडर कोटिंग स्वस्त, झटपट आणि दिसायला एकसारखं. कोकणातली सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच. कोटिंग वाईट असतं म्हणून नाही, तर ग्राहक रंगाकडे बघतो आणि काम आधीच संपलेलं असतं म्हणून. कोटिंगचं आयुष्य ठरतं ते आधीच्या धुलाईत.

सेव्हन टँक म्हणतात ती पद्धत अशी: तेल काढणं, धुणं, गंज काढणं, धुणं, फॉस्फेट, धुणं, पॅसिव्हेशन (पत्रा पुन्हा गंजू नये म्हणून शेवटची रासायनिक बुडी). खिडकीच्या ग्रिल आणि गेट करणारे अनेक जण यातल्या निम्म्या टाक्या गाळतात. गेटला चालतं, चासीला नाही. फॉस्फेट नसेल तर एक खडा लागून टवका उडाला की त्या छिद्रातून पाणी कोटिंगखाली सरकत जातं. वरून सगळं काळंभोर चकचकीत, आणि नखाने उचललं की पापुद्रा वीतभर निघतो.

सँडब्लास्टिंगला कुठली वाळू वापरतात, हा प्रश्न किनाऱ्यावर फार महत्त्वाचा. खाडीची किंवा समुद्राची वाळू वापरली तर पत्रा पांढराशुभ्र होतो खरा, पण मीठ त्याच्या रंध्रांत ठोकून भरलं जातं. शिवाय वाळूची धूळ मारणाऱ्याच्या फुप्फुसाला सिलिकोसिस करते. गार्नेट, ॲल्युमिनियम ऑक्साईड किंवा स्टील ग्रिट वापरणाऱ्याकडेच द्या. ब्लास्ट झाल्यावर पहिला लेप त्याच दिवशी, चार तासांच्या आत. "आज ब्लास्ट, परवा कोटिंग" असं सांगणाऱ्याला नमस्कार करा. जुलैत तर त्याआधीच पत्र्यावर पिवळी झाक येते.

लेप दोन हवेत: खाली झिंकयुक्त एपॉक्सी प्रायमर पावडर, वर पॉलिएस्टर. नुसती एपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढरी पडते. एका लेपाची जाडी साधारण ६० ते ८० मायक्रॉन, भट्टी १८० ते २०० अंश, आणि वेळ मोजायचा तो भट्टीचा नव्हे, धातू तापल्यापासूनचा. बुलेटची चासी जाड आहे, ती तापायलाच वेळ लागतो. खिडकीच्या गजांच्या हिशोबाने बाहेर काढली तर पावडर कच्ची राहते. कच्ची पावडर थिनरने घासली की मऊ पडते. लपलेल्या जागी वीस वेळा घासून पाहावं.

देण्याआधी काय काढायचं आणि काय झाकायचं, हे आपणच लिहून द्यावं. स्टिअरिंगचे कप बसतात त्या जागा, स्विंग आर्मचा पिव्होट, सगळे आटे, आणि अर्थिंगचा बोल्ट. अर्थिंगची जागा झाकली नाही तर नव्याकोऱ्या गाडीचा हॉर्न घुसमटतो, दिवे मिणमिणतात आणि इलेक्ट्रिशियन वायरिंग उकलत बसतो. कोटिंग म्हणजे विजेला आडवी भिंत. आणि चासी नंबर! त्यावर जाड कोटिंग बसलं की आरटीओत तपासणीला ठसा उठत नाही, आणि ब्लास्टिंगने तो झिजला तर प्रकरण अजून वाढतं. त्या जागेवर टेप लावून ठेवा, नंतर तिथे हाताने पातळ रंग द्या.

कोटिंग झालं की पोकळ नळ्यांत आतून मेणाचा किंवा लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचा) स्प्रे लांब नळीने मारायचा. चासी आतून सडते ती वरच्या लेपाने थांबत नाही. हे काम दुकानदार सहसा करत नाही, आपण करायचं.

टाकी, मडगार्ड आणि टूल बॉक्सला पावडर कोटिंग नको. जुन्या टाकीच्या पोचांत भरलेलं शिसं-कथलाचं डाख सुमारे १८३ अंशांनाच वितळायला लागतं. भट्टीतून टाकी खड्ड्यांसकट बाहेर येते.

दहापैकी गुण द्यायचे तर नीट प्रायमरसह केलेल्या कामाला आठ, एका लेपाच्या कामाला तीन.

रंग, आणि गणपतीची घाई

इथे थोडं थांबावं लागेल, कारण कोकणात रंगाची सगळ्यात जास्त कामं चुकीच्या महिन्यात होतात. मुंबईकर गावी येणार, गणपतीपर्यंत गाडी तयार हवी, म्हणून आषाढ-श्रावणात पेंटरच्या दारात टाक्यांची रांग लागते. रंग मारताना पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्यापेक्षा) निदान तीन अंशांनी वर हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. आता श्रावणातला दिवस घ्या: हवा २७ अंश, आर्द्रता ९० टक्के. दवबिंदू येतो २५ च्या थोडा वर. फरक दोन अंशही नाही. थिनर उडताना पत्रा अजून थंड होतो आणि त्यावर न दिसणारं पाणी बसतं. त्यावरच रंग चढतो. जानेवारीतल्या दुपारी ३१ अंश आणि ५० टक्के असतील, तर हाच फरक अकरा-बारा अंशांचा. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत रंगाचा हंगाम. गणपतीला गाडी हवी असेल तर उशिरात उशिरा मे महिन्यात द्या. मिरग लागल्यावर फक्त इंजिनचं काम काढा.

पावसातल्या रंगाची लक्षणं दोन. जुन्या पद्धतीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, ज्याला आपण सरसकट ड्यूको म्हणतो, तो दुधाळ पांढुरका पडतो. पेंटर त्यावर रिटार्डर थिनर मारून झाक घालवतो, पण आतला ओलावा तसाच राहतो. पीयू रंग त्या दिवशी छान दिसतो आणि चार-सहा महिन्यांनी मोहरीएवढे फुगे धरतो. फुगा फोडला तर आत पाण्याचा थेंब असतो. खाली राहिलेलं मीठ रंगातूनही पाणी ओढतं. ते मीठ पेंटरच्या घामेजल्या हातांचंही असू शकतं. घासलेल्या पत्र्याला उघडा हात लावणारा पेंटर किनाऱ्यावर महाग पडतो. हातमोजे आणि शेवटचं पुसणं वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने, हे आधीच बोलून घ्यावं.

टाकीसाठी टिकणारा क्रम असा: पत्रा उघडा करणं, एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर गरज असेल तिथेच लांबी (खड्डे भरायची पुट्टी), मग पीयू सरफेसर, ४०० ते ८०० नंबरचा पाण्याचा पेपर, बेस कोट, हाताने रेघा, आणि वरून क्लिअरचे दोन हात. लांबी थेट पत्र्यावर भरण्याची सवय सगळीकडे आहे. कोरड्या मुलखात ती खपते. इथे लांबी ओलावा धरून ठेवते, म्हणून तिच्याखाली एपॉक्सीचं कवच लागतं. पाण्याचा पेपर मारल्यावर टाकी उन्हात किंवा दिव्याखाली पूर्ण वाळू द्यावी. "हवेने उडवलं, झालं" हे पुरेसं नाही. कॉम्प्रेसरचा पाणी-सापळा दिवसातून दोनदा रिकामा करणारा पेंटर सापडला, तर त्याचा पत्ता जपून ठेवा.

एनसी रंगाचा आणखी एक दोष: तो पेट्रोलने विरघळतो. झाकणाभोवती पेट्रोल सांडलं की ओघळाची रेघ उमटते. पीयू पूर्ण पिकल्यावर पेट्रोल सोसतो, पण पिकायला आठवडा द्या. त्याआधी टाकी भरू नका आणि मेणही लावू नका. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलं की दमा जडतो; तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, योग्य मास्क लागतो. घरी पडवीत प्रयोग करणाऱ्यांनी हे गंभीरपणे घ्यावं.

मॅट काळा रंग सध्या जुन्या गाडीची कापून-बदलून बॉबर आणि स्क्रँबलर करणाऱ्यांचा लाडका. फोटोत भारदस्त दिसतो. पण खरबरीत पृष्ठभाग मीठ आणि जांभ्याची तांबडी धूळ धरून ठेवतो, आणि पॉलिश केलं तर त्या जागी चमक येऊन डाग दिसतो. हौस असेल तर मॅट रंग चासीच्या आतल्या भागांपुरता ठेवा. टाकीवर नको.

टाकीच्या आत

बुलेटची टाकी साडेचौदा लिटरची, आणि आपल्याकडे बहुतेक ती अर्धी रिकामी उभी असते. रिकाम्या अर्ध्यात दमट हवा. त्यात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं, आणि ते पाणी मर्यादेबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाला वेगळा बसतो. पेट्रोल कॉकच्या भोवतीच टाकी का गळते, याचं उत्तर तिथे आहे. येझदी आणि राजदूतला पेट्रोलमध्येच टूटी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल मिसळायचं असल्याने आतून थोडा तेलकट हात राहतो. आरएक्स १०० ला ऑइलचा पंप वेगळा, त्यामुळे तिच्या टाकीला तो फायदा नाही.

गंज काढायला सायट्रिक ॲसिड पुरतं: लिटरला ५० ते ७५ ग्रॅम, कोमट पाण्यात, टाकी काठोकाठ भरून १२ ते २४ तास. कॉक काढून तिथे रबरी बूच. पोपडे सुटायला मूठभर नट घालून हलवायचं, पण किती घातले ते मोजून ठेवा. बाहेर तेवढेच आले पाहिजेत. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच साध्या पाण्याने, आणि लगेच वाळवा. पाच मिनिटं रेंगाळलात तर नारिंगी झाक परत येते. वाळवण गरम हवेने करायची तर टाकीत पेट्रोलचा वासही उरलेला नको. पूर्ण कोरडी झाली की पाव लिटर टूटी ऑइल आत फिरवून घ्या.

एपॉक्सीचं अस्तर सरसकट मारून देणारे आहेत. आमचं मत विरोधात. टाकीला बारीक छिद्रं नसतील तर अस्तर नकोच. आत जरासा ओलावा किंवा तेल राहिलं, किंवा अस्तर इथेनॉल सोसणारं नसलं, तर त्याचे पापुद्रे सुटून कार्ब्युरेटरच्या पायलट जेटमध्ये, म्हणजे आयडलच्या बारीक छिद्रात, बसतात. मग गाडी आयडलला टिकत नाही आणि कार्ब्युरेटर पुनःपुन्हा उघडत बसावं लागतं. छिद्रं असतील तर अस्तर मारा, दोन घटकांचं, डब्यावर इथेनॉलचा उल्लेख असलेलं.

सायलेन्सर आणि फॅशनचे भाग

सायलेन्सर बाहेरून नव्हे, आतून जातो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा सायलेन्सर ते वाफवून टाकण्याइतका तापत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवणं हा कुठल्याही लेपापेक्षा चांगला इलाज. बाहेरून काळा हवा असेल तर ६०० अंशांचा सिलिकॉन रंग, आणि पहिल्या वेळी हळूहळू तापवून पिकवणं.

एक्झॉस्टला गुंडाळायची पट्टी मात्र कोकणात वर्ज्य समजा. ती खारं पाणी शोषते, पाइपाला घट्ट धरून ठेवते, आणि उलगडली की खाली पाइपाची चाळण. एअर बॉक्सशिवाय बसवलेले उघडे पॉड फिल्टरही तसेच: पहिल्या जोरदार सरीत पाणी ओढून गाडी बंद, आणि उन्हाळ्यात जांभ्याची धूळ सरळ सिलिंडरमध्ये. कापलेलं मागचं मडगार्ड घेऊन जूनमध्ये महामार्गावर निघणाऱ्याची पाठ बघितली की निराळं काही सांगावं लागत नाही.

वरून मारायचे स्प्रे, तेलं आणि घरगुती उपाय

पाणी हटवणारे पातळ स्प्रे कामाचे आहेत, पण त्यांचं काम पाणी हटवण्याचं. त्यांचा थर किनाऱ्यावर आठवडाभरात निष्प्रभ होतो. धुतल्यावर कनेक्टर, स्विच, केबलची टोकं यांवर मारा, आणि कोरडं झालं की खरा लेप द्या. लॅनोलिनचा लेप टिकाऊ, पावसात धुपत नाही, थोडा चिकट राहतो, धूळ धरतो. म्हणून तो मडगार्डच्या आत, स्टँडला, स्पोकच्या मुळांना. दिसत्या भागाला मेण. ब्रेकच्या ड्रमजवळ यातलं काहीही नको.

खोबरेल तेलाचा हात क्रोमवर फिरवायची पद्धत इकडे घरोघर आहे. पंधरा दिवस चकाकतं, मग ते हवेने खवट आणि चिकट होतं, धूळ धरतं आणि त्यात आम्लही तयार होतं. केसांना उत्तम. पितळेचे भाग आमसुलाच्या पाण्याने उजळवणं मात्र खरंच चालतं, फक्त नंतर भरपूर गोड्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं.

गाडी उभी कुठे करता, यावर निम्मं अवलंबून. प्लॅस्टिकचं कव्हर म्हणजे आत वाफ कोंडणं. सुती किंवा हवा खेळणारं कव्हर घ्या. मातीच्या जमिनीवर उभी असेल तर चाकांखाली फळी. गोठ्याला लागून मात्र ठेवू नका. जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया पितळेला चिरा पाडतो. ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात हे काडतुसांवरून कळलं होतं: पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा जात. बुलेटच्या कार्ब्युरेटरचे जेट आणि वायरिंगची टोकं पितळेचीच आहेत. पॉइंटवाल्या गाडीत (ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे पॉइंट असलेल्या) ओलाव्याने पॉइंटांवरही थर बसतो. कोऱ्या कागदाची पट्टी त्यांच्यामधून ओढून साफ करा आणि अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आहे का पाहा.

आणि किनाऱ्यावरचा फोटो काढलाच असेल, तर त्याच संध्याकाळी इंजिन निवल्यावर गोड्या पाण्याने, कमी दाबाने, मडगार्डच्या आतून आणि खालून धुवा. प्रेशर वॉशरने बेअरिंगांत खारं पाणी ढकललं जातं, तो टाळा.

फोटोवरून गाडी किंवा कारागीर जोखताना

ओल्या गाडीचा फोटो म्हणजे रंग मेलेला असण्याची शक्यता; पाण्याने निस्तेज रंगही चमकतो. टाकीचा फोटो बाजूने तिरप्या उजेडात मागा, लांबी भरलेली असेल तर प्रतिबिंब लाटेसारखं मोडतं. प्रत्यक्ष पाहायला गेलात तर कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक टाकीवरून फिरवा, जिथे धरत नाही तिथे लांबी जाड आहे.

मागायचे फोटो: मागच्या मडगार्डची आतली बाजू, टाकीत टॉर्च मारून झाकणातून, रिमच्या निप्पलांजवळ, सेंटर स्टँडच्या कानांपाशी, बॅटरी ट्रेच्या खाली, हेडलाइट उघडून आतलं वायरिंग, चासी नंबर. कारागिराकडून प्रायमरच्या आधीच्या उघड्या पत्र्याचा फोटो. तो नसेल, तर पुढच्या सगळ्या सुंदर फोटोंचं वजन कमी धरा. चिपळूण परिसरातली गाडी असेल तर २२ जुलै २०२१ च्या पुरात ती कुठे होती, हे विचाराच. हेडलाइटच्या वाटीत, स्पीडोमीटरच्या काचेमागे आणि हबमध्ये बारीक गाळाची रेघ राहते, ती रंगाने झाकली जात नाही.

कागदांचं थोडक्यात. मूळ रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करून घ्या, नाहीतर एमएच-०७ असो वा एमएच-०८, नूतनीकरणाच्या तपासणीत अडतं. पंधरा वर्षांनंतर हे नूतनीकरण दर पाच वर्षांनी येतंच. सायलेन्सर आवाजाचा बसवला तर दंड वेगळा. गाडीला ५० वर्षं पुरी झाली असतील आणि तिच्यात मोठे बदल केलेले नसतील, तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते: पहिली फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. कापून बॉबर केलेल्या बुलेटला हा मान मिळत नाही. आणि ती नंबर प्लेट लागली की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. रोज सकाळी बंदरावर मासे आणायला नाही.